खामपूनमावशीची निळी वडी

खामपून पहिल्यांदा उंदीरघरात कामाला आली, तेव्हा आपण इथे महिनाभरही टिकणार नाही अशी तिची खात्री होती. थायलंडमधल्या खोन केन शहराच्या कडेला एका संशोधन संस्थेचं आवार, त्याच्या पार मागच्या टोकाला एक बुटकी, बिनखिडक्यांची इमारत. आत शिरायचं तर पायातल्या चपला काढा, आतल्या चपला घाला, अंगावर झगा, तोंडाला मास्क, केसांना टोपी. एवढा सगळा साज चढवून आत गेलं की समोर काय, तर पांढऱ्या उंदरांचे पिंजरे, भिंतीपासून भिंतीपर्यंत. तिचं काम ठरलेलं होतं: घाण झालेले पिंजरे बाहेर काढायचे, धुवायचे, वाफेच्या भट्टीत घालायचे, कोरडा भुसा भरून परत ठेवायचे. उंदरांचं वजन, औषध, टोचणं हे शिकलेल्या लोकांचं काम. तिने उंदरांकडे बघावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

पण न बघणं तिला जमण्यासारखं नव्हतं. ती चोन्नाबोतची, रेशीम विणणाऱ्यांच्या गावातली. तिच्या आईकडे बांबूच्या मोठ्या सुपांमधून रेशमाचे किडे असायचे आणि चालायला लागल्यापासून खामपून त्यांना तुतीचा पाला घालत आली होती. हजारो किडे एका वेळी पाला खायला लागले की घरभर बारीक सरसर ऐकू येते. ती सरसर जरा जरी कमी झाली, तर आई हातातलं काम टाकून उठायची आणि सुपात नेमका आजारी किडा बोटाने दाखवायची. लेकीलाही ती नजर आली. पुढे नवरा शहरात गवंडीकामाला आला, त्याच्यामागे खामपून आली, सुपं गावी राहिली. नजर मात्र बरोबर आली.

त्यामुळे महिना टिकणार नाही म्हणणारी बाई अकरा वर्षं टिकली. संस्थेतले सगळे तिला मावशी म्हणत. तिरापोन नावाचा एक तिशीतला तंत्रज्ञ होता, हुशार आणि तोंडाने जरा आगाऊ. तो तिला ‘उंदीरमावशी’ म्हणायचा. ती त्याला म्हणायची, “म्हण बाबा. तुझ्यापेक्षा तेच माझं जास्त ऐकतात.”

अकराव्या वर्षी तिथे विपादाबाई आल्या. बँकॉकच्या संशोधक डॉक्टर, चाळिशीच्या आतबाहेर, किरकोळ अंगाच्या, पायात कायम कॅनव्हासचे बूट. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना एका खोलीत बोलावलं. सगळ्यांना म्हणजे झाडूवाल्यांपासून सगळ्यांना. आपण कशासाठी राबतोय हे प्रत्येकाला ठाऊक असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. फळ्यावर हृदयाचं चित्र काढून त्या सांगू लागल्या. सर्दी-तापाचे काही साधे विषाणू असतात. बहुतेकांच्या घशात, पोटात चार दिवस राहतात आणि जातात. पण एखाद्याच्या बाबतीत तो विषाणू हृदयाच्या स्नायूत घुसतो. स्नायू सुजतो. धडधाकट, तरणाताठा माणूस जिना चढताना धापा टाकायला लागतो. काही जण आपोआप बरे होतात, काहींचं हृदय कायमचं दुबळं होतं, काही जातात. आणि त्या विषाणूला हृदयातून हुसकून लावणारं खात्रीचं औषध अजून कुणाकडे नाही. डॉक्टर हृदयाला आधार देतात, विश्रांती द्यायला सांगतात आणि वाट बघतात. आपण ते औषध शोधणार आहोत.

काही विचारायचंय का, असं बाईंनी म्हटल्यावर मागून खामपूनचा हात वर गेला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

“अंगात ताप असताना माणूस खूप दमला, म्हणजे समजा मारामारी केली, तर?” तिने विचारलं.

“तर फार वाईट,” बाई म्हणाल्या. “सुजलेलं हृदय असताना जोर केला की सूज वाढते. असं का विचारलंत, मावशी?”

“सहज,” खामपून म्हणाली आणि खाली बसली.

सहज नव्हतं ते. तिचा धाकटा भाऊ थोंगसाय देवळाच्या जत्रांमधून मुष्टियुद्ध खेळायचा. एकोणिसाव्या वर्षी आसपासच्या पाच गावांत त्याला तोड नव्हती. एका जत्रेच्या आधी तीन दिवस तो तापाने फणफणला होता. आई नको म्हणाली, तरी गेला, खेळला आणि जिंकलाही. आठवड्याभरात त्याचे पाय सुजले, आडवं पडलं की श्वास लागायचा. तालुक्याच्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने हृदय सुजलंय एवढं सांगितलं आणि खाली मान घातली. थोंगसाय गेला. गावात कुणी म्हणालं जादूटोणा, कुणी म्हणालं रिंगणात छातीवर बसलेला फटका. ज्याचा फटका बसला असं लोक म्हणत, तो पोरगा पुढे कित्येक वर्षं यांच्या घरावरून मान खाली घालून जायचा. आज पंचवीस वर्षांनी, फळ्यावरच्या खडूच्या चित्रावरून, खामपूनला कळलं की त्या पोराचा काही दोष नव्हता. पुढच्या सुट्टीत ती गावी गेली, तेव्हा आधी त्या पोराच्या, आता पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाच्या, दारात गेली आणि त्याला ते सांगून आली. ऐकून तो उठला. मग त्याने आतून तिच्यासाठी पाणी आणलं.

त्यानंतर खामपून पिंजरे धूत होती तशीच धूत राहिली, पण विपादाबाईंच्या खोलीतल्या उंदरांवर तिचं जास्त लक्ष राहू लागलं.

बाईंनी एकामागून एक औषधं करून पाहिली. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर विषाणू सोडायचा, वर औषध घालायचं आणि काय होतं ते बघायचं. तेरा औषधं बाद झाली. चौदावं असं निघालं, की बशीतला विषाणू जवळजवळ नाहीसाच झाला. तिरापोन दोन दिवस शीळ घालत फिरत होता. मग चौदा नंबर उंदरांना द्यायचं ठरलं. विषाणू टोचलेले अठ्ठेचाळीस उंदीर, एका पिंजऱ्यात तिघे. निम्म्यांच्या पाण्यात औषध, निम्म्यांना साधं पाणी. औषध नळीने घशात घालायची पद्धत असते, पण हृदय सुजलेल्या उंदराला रोज पकडून तसं करायचं म्हणजे तो भीतीनेच मरायचा. म्हणून पाण्यातून. विचार बरोबरच होता.

निकाल आला तो असा: साध्या पाण्यावरचे सतरा मेले, औषधावरचे पंधरा. म्हणजे औषध असलं काय अन् नसलं काय, सारखंच. बाईंनी कागद दोनदा तपासले. तिसऱ्या दिवशी संस्थेभर बातमी झाली की बँकॉकची समिती येणार, काम बंद करणार आणि उंदरांची ती खोली दुसऱ्या कुणाला देणार.

खामपूनला मात्र त्या निकालाचं काहीतरी खटकत होतं. ती रोज पिंजरे बदलायची, त्यामुळे तिला ठाऊक होतं की आजारी उंदीर कोपऱ्यात पाठीचं कुबड काढून बसतो आणि जागचा हलत नाही. पाण्याची बाटली पिंजऱ्याच्या वरच्या जाळीत अडकवलेली. तिच्या नळीला तोंड लावायचं तर मागच्या पायांवर उभं राहावं लागतं. ज्याला धड चालवत नाही तो उभा कसा राहील? तिने मेलेल्या उंदरांच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडून पाहिली होती. कातडी खाली बसत नव्हती, तंबूसारखी उभी राहायची. ते तहानेने सुकलेले होते. वर, रोज सकाळी बाटलीच्या नळीखालचा भुसा ओला असायचा. म्हणजे बाटल्या ठिबकत होत्या. आणि तिरापोन काय करायचा, तर बाटलीतलं किती पाणी कमी झालं ते मोजून त्याला तीनने भागायचा आणि प्रत्येकाला एवढं औषध मिळालं म्हणून लिहून मोकळा व्हायचा.

तिने हे आधी त्यालाच सांगितलं. तो हसला. “मावशी, हे गणित आहे. बाटली रिकामी झाली म्हणजे पाणी पोटात गेलं.”

“अर्धं भुशाच्या पोटात गेलं,” खामपून म्हणाली.

“पंधरा वर्षं जगभर असंच करतात.”

“जगभर पिंजरे कोण धुतं, त्यांना विचारलंस का?”

तो हसतच निघून गेला. खामपूनचे दोन दिवस अस्वस्थ गेले. पिंजरे धुणाऱ्या बाईने डॉक्टरबाईंना जाऊन तुमचं चुकलं म्हणायचं, हे तिलाच कसंसं वाटत होतं. शेवटी दुपारच्या जेवणाला विपादाबाई उपाहारगृहात एकट्याच बसलेल्या दिसल्या. समोरचं कच्च्या पपईचं सोमतम चिवडत होत्या, खात नव्हत्या. खामपून आपला चिकट भाताचा डबा घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसली.

“बाई, आमच्याकडे रेशमाचे किडे असायचे,” तिने सुरुवात केली. “सुपात वरून पाला टाकला की धट्टेकट्टे किडे वर चढून खातात. अशक्त असतात ते खालीच राहतात. वरून बघणाऱ्याला वाटतं, पाला संपला, सगळ्यांनी खाल्लं. माझी आई अशक्तांना वेगळं काढून तोंडापाशी पान ठेवायची.” मग तिने बाटल्यांचं, ओल्या भुशाचं, तंबूसारख्या कातडीचं सगळं सांगितलं. “तुमचं औषध वाईट असेलही. मला त्यातलं कळत नाही. पण जे मेले त्यांनी ते चाखलंच नव्हतं, एवढं मी सांगते.”

विपादाबाईंनी चमचा खाली ठेवला. “चला,” त्या म्हणाल्या.

जेवण तसंच टाकून दोघी उंदीरघरात गेल्या. झगा, मास्क, टोपी घालून बाई पिंजऱ्यांसमोर फरशीवर मांडी घालून बसल्या त्या दोन तास हलल्या नाहीत. उरलेल्यांतला एकही आजारी उंदीर नळीपाशी गेला नाही. निघताना त्यांनी काही रिकाम्या पिंजऱ्यांवर भरलेल्या बाटल्या अडकवल्या आणि खाली टिपकागद पसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात एकही उंदीर नसताना बाटल्यांमधलं पाणी बोटभर उतरलं होतं. तिरापोनने तो टिपकागद उचलला, ओला आहे हे बोटाने चाचपलं आणि मान वर न करता म्हणाला, “मावशी, माझं चुकलं.”

“तुझं नाही, बाटलीचं,” खामपून म्हणाली आणि भट्टी लावायला गेली.

समितीला पत्र गेलं: शेवटची एक संधी द्या. तिकडून चाळीस उंदरांना परवानगी मिळाली, त्यावर एकही नाही. आता प्रश्न असा, की औषध आजारी उंदराच्या तोंडापाशी न्यायचं कसं? खामपून म्हणाली, वडी करू. चायना ग्रासची, जेवणानंतर खातात तसली मऊ वडी. तिच्यात पाणीही जाईल आणि औषधही.

म्हणायला सोपं होतं, करायला तीन आठवडे गेले. पहिली वडी रबरासारखी झाली, उंदरांनी तिच्यावर पाय ठेवले आणि पुढे गेले. दुसरी इतकी पातळ, की भुशातच जिरली. शिवाय औषध जहर कडू. निरोगी उंदीरसुद्धा हुंगून तोंड फिरवायचे. खामपूनने ताडगूळ सुचवला, सोयाबीनचं दूध सुचवलं. औषध गरम झालं की बिघडतं, म्हणून मिश्रण कोमट होईपर्यंत थांबायचं आणि मगच औषध घालायचं. कोमट म्हणजे किती, तर तिरापोन थर्मामीटर लावायचा आणि खामपून वाटीच मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा दोघांचं एकाच क्षणी ‘झालं’ निघालं. अकराव्यांदा त्याने थर्मामीटर आणलाच नाही, तेव्हा बाईंनी त्याला परत पाठवून आणायला लावला.

खाल्लं की नाही हे कळायचं कसं, हाही प्रश्न होताच. खामपूनच्या मनात गोकर्णीची फुलं होती. तिकडे सरबताला निळा रंग त्याच फुलांचा देतात. बाई म्हणाल्या, फुलात काय काय गुण असतील सांगता येत नाही, उद्या कुणी म्हणेल की फुलानेच बरे झाले. त्यांनी मिठाईत घालतात तो साधा निळा रंग आणला, जो पोटात न मुरता तसाच बाहेर पडतो. निळी वडी खाल्लेल्या उंदराच्या मिशा निळ्या आणि दुसऱ्या दिवशी लेंड्याही निळ्या. रोज वजन करताना एकेकाला भांड्यात ठेवलं की तो दोन लेंड्या टाकायचाच. चोरीला वावच नाही.

सगळं नव्याने मंजूर करून घेऊन चाळीस उंदरांची फेरी सुरू झाली. वीस जणांच्या पिंजऱ्यांवर पिवळी चिठ्ठी, वीस जणांच्या पिंजऱ्यांवर हिरवी. दोन्हींना निळी वडी, पण औषध एकाच रंगात. कुठल्या, ते फक्त औषधसाठा सांभाळणाऱ्या आणि वडीत औषध मिसळणाऱ्या बाईंना माहीत होतं. ते कागदावर लिहून त्यांनी लिफाफा बंद केला आणि कपाटाला कुलूप लावलं. बघणाऱ्याच्या मनात आधीच काही असलं की डोळे तेच दाखवतात, म्हणून हा बंदोबस्त. आपापसात अंदाज बांधायचे नाहीत, असं विपादाबाईंनी बजावलं होतं.

विषाणू टोचला आणि दुसऱ्या दिवसापासून वडी सुरू झाली. खामपून प्रत्येक उंदराच्या नाकासमोर वडीचा तुकडा ठेवायची. चौथ्या दिवशी सगळेच मलूल झाले. पिवळे काय, हिरवे काय, सगळे कोपऱ्यात कुबड काढून बसलेले. पाचव्या दिवशी दोन्हीकडे एकेक गेला. ज्याचे हाल बघवत नाहीत त्याला सुखाने झोपवायचा नियम होता, तेही दोनदा करावं लागलं, आणि ते दोघे हिरव्यातले होते.

सातव्या दिवशी तिने पिवळ्या पिंजऱ्यात कागदी रुमालाचे तुकडे पाहिले. रोज प्रत्येक पिंजऱ्यात एक रुमाल टाकायची पद्धत होती. धडधाकट उंदीर तो फाडून, पिंजून घरटं करतो. आजारी उंदीर त्याकडे बघतही नाही. गेले तीन दिवस सगळे रुमाल जसेच्या तसे पडून होते. आज एका पिवळ्या पिंजऱ्यात रुमाल फाटला होता. आठव्या दिवशी तीन पिंजऱ्यांत. नवव्या दिवशी पिवळ्यांच्या बहुतेक पिंजऱ्यांत कापसाच्या गोळ्यासारखी घरटी होती आणि त्यातून गुलाबी नाकं बाहेर येत होती. हिरव्यांचे रुमाल कोरेच राहिले.

कुणी काही बोलत नव्हतं. पण तिरापोन आता खोलीत शिरला की आधी पिवळ्यांकडे जायचा आणि मग स्वतःवरच चिडून हिरव्यांकडे यायचा. खामपूनला मात्र एक वेगळीच धास्ती लागली होती. पिवळे जगतायत हे डोळ्यांना दिसत होतं, पण पिवळे म्हणजे औषधवाले कशावरून? हिरव्यात औषध असलं तर? तर मग या बाईंनी एवढी वर्षं मेहनत करून शोधलेलं औषध मारकं निघायचं, आणि ते एकेकाच्या नाकाशी नेऊन ठेवणारी आपण.

चौदाव्या दिवशी मोजदाद झाली. पिवळे वीसपैकी सतरा जिवंत. हिरवे वीसपैकी सहा. औषधसाठ्याच्या बाई लिफाफा घेऊन आल्या. विपादाबाईंनी तो हातात घेतला, फोडायला गेल्या, आणि थांबल्या. त्यांनी लिफाफा तिरापोनकडे दिला. त्याने फोडला, वाचला आणि मटकन खुर्चीत बसला.

“अरे, सांग की,” खामपून म्हणाली.

“पिवळे,” तो म्हणाला. “पिवळ्यांत औषध होतं, मावशी.”

विपादाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. औषधसाठ्याच्या बाई, ज्या आजवर कुणाशी कामापलीकडे बोलल्या नव्हत्या, त्यांनी खामपूनला कडकडून मिठी मारली. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, मग शेजारच्या खोलीतलेही कशाला ते न कळता टाळ्या वाजवत आले.

दोन दिवसांनी बाईंनी खामपूनला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आधी हिरव्यातल्या एका उंदराचं हृदय दाखवलं. गुलाबी स्नायूच्या धाग्यांमध्ये जागोजागी गडद ठिपक्यांचे घोळके जमलेले, मधले धागे विरलेले. मग पिवळ्यातलं दाखवलं. धागे सरळ, एकाशेजारी एक, मागावर ताणलेल्या ताण्यासारखे. एखाद-दुसरा ठिपका होता, तेवढाच. खामपूनने बराच वेळ डोळा काढला नाही.

समिती आली ती काम बंद करण्याच्या तयारीनेच. तिच्यात तिघे जण. प्रमुख होते प्राध्यापक आनेक, सत्तरीचे, भुवया पांढऱ्या, नाकावर माशी बसू न देणारे. विपादाबाईंनी आकडे मांडले, चित्रं दाखवली. आनेकसर ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मागच्या वेळी तुम्हीच म्हणत होता की प्रत्येक उंदराला औषध मिळालं. ते खोटं निघालं. या वेळी प्रत्येकाने खाल्लं, हे कशावरून?”

बाईंनी मागे वळून पाहिलं. “हे आमच्या मावशी सांगतील.”

खामपूनला बँकॉकची छापील भाषा नीट येत नव्हती. ती उठली आणि आपल्या गावच्या बोलीतच म्हणाली, “सर, ज्याच्या लेंड्या निळ्या त्याने खाल्लं. चाळीसही जणांच्या लेंड्या रोज मी स्वतः पाहिल्यात. तुम्हाला बघायच्या तर डब्या भरून ठेवल्यात, नाव-तारखेसह.”

खोलीत हसू फुटलं. आनेकसर हसले नाहीत. त्यांनी डब्या मागवल्या. तिरापोन धावत जाऊन खोकं घेऊन आला. सरांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक डबी उजेडात धरली. वीसेक डब्या पाहून झाल्यावर खोकं बंद केलं आणि म्हणाले, “काम चालू ठेवा. पण एकाच घरात झालेलं मी मानत नाही. माझ्या प्रयोगशाळेत हेच घडलं, तर मानीन.”

महिन्याभराने बँकॉकहून फोन आला. तिथे घडत नव्हतं. उंदीर वडीला तोंडच लावत नव्हते. विपादाबाईंनी कृती लिहून पाठवली होती, तोळा-मासा जमवून. तरीही नाही. बाईंनी फोन ठेवला आणि विचारलं, “मावशी, तुम्ही जाल?”

खामपून आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, शेजारी तिरापोन. बँकॉकच्या त्या प्रयोगशाळेत सगळं चकचकीत होतं, पोरं-पोरी शिकलेली, हसतमुख. खामपून एक दिवस नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “बाळांनो, वडी फ्रीजमधून काढून तशीच देता. तुम्हाला ताप असताना कुणी गार गोळा तोंडाशी धरला, तर खाल? आधी बाहेर ठेवा. आणि पिंजऱ्याच्या मधोमध ठेवू नका. आजारी जीव उघड्यावर येत नाही. तो आहे तिथे, भिंतीलगत, नाकापाशी ठेवा.”

“एवढंच?” त्यातली एक पोरगी म्हणाली.

“एवढंच,” खामपून म्हणाली. “आणि घाई करायची नाही. त्याने पहिला घास घेतलेला बघून मग पुढे जायचं.”

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पिंजऱ्यांत निळ्या लेंड्या दिसल्या. मग नव्याने फेरी सुरू झाली, तिथेही चिठ्ठ्या, तिथेही बंद लिफाफा. खामपून परत आली आणि आपल्या कामाला लागली. फेरी संपली, त्या दिवशी आनेकसरांनी तिला आणि विपादाबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं. लिफाफा त्यांनी सगळ्यांसमोर स्वतः फोडला. औषधावरचे वीसपैकी सोळा वाचले होते, बिनऔषधाचे वीसपैकी पाच.

सर उठले. खामपूनसमोर आले आणि तिने हात उचलायच्या आधीच त्यांनी आपले हात जोडले, बोटं पार नाकाच्या शेंड्याला लागतील इतके वर. सत्तरीच्या प्राध्यापकाने पिंजरे धुणाऱ्या बाईला आधी हात जोडायचे, हे त्या खोलीत कुणी पाहिलेलं नव्हतं. खामपून गोंधळून त्यांच्यापेक्षा खाली वाकू लागली, ते आणखी वाकले, शेवटी दोघंही अर्धवट वाकलेले राहिले.

“सर, कंबर धरेल,” खामपून म्हणाली, आणि तेव्हा कुठे आनेकसर मोकळेपणाने हसले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे विपादाबाई सगळ्यांना सारखं सांगत होत्या. अजून मोठ्या प्राण्यांवर पाहायचं, विषबाधा होत नाही ना ते पाहायचं, मग निरोगी स्वयंसेवक, मग कुठे रुग्ण. दोन वर्षं त्यात गेली आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी अडवलं, पण चौदा नंबर प्रत्येक पायरी चढत गेलं. निरोगी माणसांवर पहिली चाचणी करायला परवानगी मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा पिंजरे धुण्याच्या जागेवर दुसरी एक बाई होती आणि खामपून आठ प्रांतांतून येणाऱ्या माणसांना शिकवत होती. तिच्या खोलीच्या दारावर ‘प्राणी-देखभाल प्रशिक्षक’ अशी पाटी लागली होती. त्याखाली तिरापोनने पेन्सिलीने ‘उंदीरमावशी’ लिहून ठेवलं होतं, ते तिने पुसू दिलं नव्हतं.

पत्र आलं त्या दुपारी संस्थेच्या मागच्या व्हरांड्यात चटया अंथरल्या गेल्या. भाजलेली कोंबडी, मिरची-लिंबू घातलेलं खिम्याचं झणझणीत लाब, टोपल्या भरभरून चिकट भात. विपादाबाई, ज्यांना तिखट सोसत नाही असं सगळे समजत, डोळ्यांतून पाणी काढत तिसऱ्यांदा वाढून घेत होत्या. तिरापोनने फोनवर गावाकडचं नाचाचं गाणं लावलं. आधी औषधसाठ्याच्या बाई उठल्या, मग शिकायला आलेली पोरं, मग तिरापोन स्वतः, अगदीच बेताल. खामपून भाताचा घास हातात घेऊन बघत बसली होती.

“मावशी, उठा,” विपादाबाईंनी हात पुढे केला.

“बाई, माझे गुडघे पाहा.”

“गुडघ्यांवर नंतर संशोधन करू.”

खामपूनने घास तोंडात टाकला, हात पुसले आणि उठली. मनगटं वळवत, बोटं मागे मुरडत ती हळूहळू गोलात शिरली. मग तिला तालच सापडला, आणि गाणं संपून दुसरं लागलं, तिसरं लागलं, तरी ती बसायला तयार नव्हती.